काळ्या माश्यांच्या जवळच्या जाती कशा ओळखायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या माशीची बाटली घेऊन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही कोणती जात?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: "हिचं प्यूपाचं टरफल ठेवलंय का?" बहुतेक वेळा ठेवलेलं नसतं, आणि तिथेच निम्मं काम अडतं. खालचे सगळे प्रश्न कधी ना कधी विचारले गेलेले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

शब्दांचं आधी सांगतो. इथे 'जात' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस. बोलताना लोक स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात, त्यानं घोटाळा होतो. 'प्यूपा' ही अवस्था, आणि 'कोष' ही त्याच्याभोवतीची रेशमी पिशवी.

काळी माशी म्हणजे नेमकी कुठली? लिंबू-संत्र्याच्या पानांवरची तीच का?

नाही. संत्रावर्गीय झाडांवर कोळशी आणणाऱ्या किडीलाही काळी माशी म्हणतात, पण ती पांढऱ्या माशीच्या गोतावळ्यातली, रस शोषणारी कीड आहे. तिचा इथे संबंध नाही. आपण बोलतोय ते सिम्युलिडी कुलाबद्दल: दोन पंखांच्या, वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या आणि मादी असेल तर बहुधा रक्त पिणाऱ्या माश्या. जगभरात त्यांच्या २,४०० च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य सिम्युलियम या एकाच प्रजातीत मोडतात. ओळखण्याची खरी डोकेदुखी तीच.

चिलट, वाळूमाशी आणि काळी माशी यांत फरक कसा करायचा?

हातभिंग पुरतं. काळी माशी ठेंगणी, पाठीला कुबड असलेली, आखूड पायांची असते. शृंगिका केसाळ नसतात. लहानशा मण्यांची आखूड माळ असावी तशा दिसतात, बहुधा ११ मण्यांची. पंख रुंद आणि स्वच्छ, पुढच्या कडेच्या शिरा ठळक आणि बाकीच्या जेमतेम दिसणाऱ्या. चावऱ्या चिलटांच्या पंखांवर पुष्कळदा ठिपके असतात आणि त्यांच्या शृंगिका लांब असतात. वाळूमाशी अंगभर लवेची, लांब पायांची, आणि बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे धरते. एवढ्यावर कुल ठरतं. पुढचं काम अवघड.

भिंग किती ताकदीचं लागेल?

कुलासाठी दहापटीचं हातभिंग, प्रजातीसाठी चाळीस-पन्नासपट दाखवणारा स्टीरिओ सूक्ष्मदर्शक. जातीपर्यंत जायचं तर काचपट्टीवर ठेवून पाहायचा साधा संयुक्त सूक्ष्मदर्शकही लागतो. त्याशिवाय जननेंद्रियं आणि अळीच्या जबड्याचे दात नीट दिसत नाहीत.

आधी नर की मादी ते का बघायचं?

कारण दोघांच्या ओळखीच्या खुणा वेगळ्या आहेत आणि किल्ल्याही (खुणांवर एकेक प्रश्न विचारत नावापर्यंत नेणारे तक्ते) वेगळ्या असतात. नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. वरच्या भागातली भिंगं मोठी, खालची बारीक. मादीच्या डोळ्यांमध्ये कपाळाची पट्टी असते. मोजके अपवाद सोडले तर हे फसत नाही. मादीच्या किल्लीत नर घालून तासभर भलत्याच वाटेनं गेलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत एकदा मी स्वतःही होतो.

प्रजाती कशावरून ठरते?

पंख आणि मागचा पाय, हे दोन आधी पाहा. सिम्युलियममध्ये पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरेवर साध्या केसांमध्ये जाड काटे मिसळलेले असतात आणि रेडियल सेक्टर ही शिरा टोकाशी फुटत नाही. प्रोसिम्युलियममध्ये ती टोकाकडे दुभंगते आणि पुढच्या कडेला नुसते केस असतात.

मागच्या पायाच्या टार्ससकडे, म्हणजे टोकाच्या खंडांच्या पावलाकडे, वळा. पहिल्या खंडाच्या टोकाला आतल्या बाजूनं कानाच्या पाळीसारखा एक भाग पुढे येतो, त्याला कॅल्सिपाला म्हणतात. दुसऱ्या खंडाच्या पाठीवर आडवी खाच असते, ती पेडिसल्कस. सिम्युलियममध्ये खाच सहसा स्पष्ट असते, प्रोसिम्युलियममध्ये नसते. पाय वाकडा चिकटलेला असेल तर खाच दिसत नाही. तेव्हा "खाच नाही" असं लिहून टाकण्याआधी पाय सुईनं फिरवून बघा.

प्रजाती ठरली. आता मादीची जात कशी काढायची?

मी साधारण या क्रमानं जातो. कपाळाची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण, आणि कपाळ चकचकीत आहे की पिठूळ. मग वक्षाची पाठ. पुढे पंखाच्या मुळाशी रेडियस शिरेच्या बुंध्यावर केस आहेत की तो भाग उघडा आहे. त्यानंतर पायाची नखं, आणि शेवटी उदराच्या टोकाचे भाग.

नखांकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, पण तिथे माशीचं खाणंपिणं लिहिलेलं असतं. पक्ष्यांचं रक्त पिणाऱ्या पुष्कळ जातींत नखाच्या मुळाशी अंगठ्यासारखा मोठा दात असतो, पिसांत रुतून बसायला. सस्तन प्राण्यांवर जाणाऱ्यांत नख साधं असतं किंवा त्यावर छोटासा दात असतो. दिसायला सारख्या दोन माद्या यावरून झटकन वेगळ्या झाल्या आहेत असं अनेकदा घडतं. नख नेमकं कडेनं पाहायला हवं. समोरून मोठा दातही दिसत नाही.

उदराच्या टोकाशी आठव्या खंडाच्या खालच्या दोन झडपा, उलट्या वाय आकाराचा जननकाटा आणि शुक्रपेटी असते. झडपांच्या आतल्या कडा सरळ आहेत की कमानीसारख्या, त्यांच्यात फट किती, काट्याच्या फांद्यांना दात आहेत का, यांवर जवळच्या जाती सुटतात. काही गटांत तोंडातल्या पंपाच्या कडेला बारीक दात असणं-नसणं, किंवा मुखस्पर्शकाच्या तिसऱ्या खंडातल्या संवेदी पिशवीचा आकारही कामी येतो.

रंगावर विसंबावं का?

रंगावर आधी विश्वास ठेवायचा नाही, आणि नंतरही जपूनच. काही जाती रंगानं पटकन ओळखू येतात हे खरं आहे. सिम्युलियम ओक्रेशियमच्या मादीची वक्षाची पाठ नारिंगी असते; विल्हेल्मिया उपप्रजातीच्या (सबजीनसच्या) माद्यांच्या करड्या पाठीवर तीन गडद उभे पट्टे असतात. पण हे गटाचं झालं. गटातल्या भावंडांमध्ये रंग बहुधा सारखाच असतो.

पाठीवरची रुपेरी नक्षी तर प्रकाशाच्या दिशेप्रमाणे उलटते. दिवा पुढून असला की जो ठिपका चांदीसारखा चमकतो, तोच दिवा मागे नेला की काळा पडतो. सुरुवातीच्या काळात मी एका दुपारी माद्यांचे दोन ढीग केले: गडद पट्ट्यांच्या आणि फिक्या पट्ट्यांच्या. मनातल्या मनात दोन जाती लिहूनही टाकल्या. संध्याकाळी दिवा लावला आणि बशी फिरवली, तर ढीग एकमेकांत मिसळले. फरक होता तो खिडकीचा. म्हणून आता नोंदीत "पाठ कोरडी, प्रकाश पुढून" असं लिहितो.

अल्कोहोलमध्ये भिजलेल्या माशीची नक्षी दिसतच नाही. नक्षी बघायची तर माशी कोरडी हवी. शिवाय नुकतीच बाहेर पडलेली माशी फिकट असते, तिचा रंग पक्का व्हायला वेळ लागतो.

नर ओळखणं सोपं की अवघड?

तयारी किचकट, पण निकाल खात्रीचा. नराच्या जननेंद्रियांत पोटाकडची पट्टी, तिच्यामागचा मधला तुकडा, दोन्ही बाजूंचे काटेरी आकडे आणि बाहेरची चिमट्यासारखी अंगं असे भाग असतात. जवळच्या जातींत बहुतेक वेळा हेच निर्णायक ठरतं.

उदराचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, पाण्यानं धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात घ्या. आता खरी गोम. पोटाकडची पट्टी खालून, बाजूनं आणि टोकाकडून अशी तिन्ही बाजूंनी बघायची. खालून चौकोनी दिसणारी पट्टी बाजूनं चोचीसारखी वाकलेली असू शकते. कायमची काचपट्टी घाईनं करून झाकणकाच दाबली की ती एकाच कोनात चपटी होते आणि चित्रातल्या आकाराशी जमत नाही. मग लोक "नवी जात सापडली" म्हणून फोन करतात. मी ग्लिसरीनमध्येच ठेवतो, सुईनं फिरवत राहतो, आणि काम झालं की त्याच नमुन्याच्या छोट्या कुपीत टाकतो.

प्यूपावर एवढा भर का?

कारण जवळच्या जाती जिथे स्पष्ट वेगळ्या होतात अशी ही अवस्था आहे, आणि खूण हलत नाही, उडत नाही, रंग बदलत नाही. वक्षाच्या दोन्ही बाजूंनी फांद्यांसारखे कल्ले बाहेर आलेले असतात. त्यांचे तंतू मोजायचे. सिम्युलियम ऑरियमच्या गटात ४, सिम्युलियम व्हेनस्टममध्ये ६, सिम्युलियम ऑर्नेटममध्ये ८, सिम्युलियम व्हिटॅटममध्ये १६. काही जातींत हा आकडा कितीतरी पुढे जातो, आणि काहींत तंतू बारीक नसून फुगीर नळ्यांसारखे असतात.

नुसता आकडा मात्र पुरत नाही. आठ तंतूंच्या जाती ढिगानं आहेत. म्हणून झाड पाहतो तसं बुंध्यापासून पाहायचं: मूळ देठ किती, पहिली फूट कुठे, कोणती फांदी पुन्हा फुटली, कोणत्या जोडीला लांब देठ आहे आणि कोणती जोडी देठाशिवायच निघाली आहे. आठ तंतू दोन-दोनच्या चार जोड्यांत असतील किंवा ३+३+२ असे असतील. दोघांचा गट वेगळा. वरचा तंतू खालच्यापेक्षा जाड आहे का, पहिली फूट किती कोनात उघडते, हेही लिहा. दोन्ही बाजू मोजा. एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला ८ भरले तर आधी तुटलेलं टोक शोधा: तुटलेला तंतू बोथट कापल्यासारखा संपतो, पूर्ण तंतू निमुळता होत जातो. क्वचित तंतू खरोखरच कमी-जास्त असतो, म्हणून एकाच प्यूपावर निकाल देऊ नका.

कोषही तेवढाच महत्त्वाचा. काहींचा सपातीसारखा, काहींचा बुटासारखा पुढून गळ्याशी उंच झालेला. व्हर्नम गटातल्या अनेकांच्या कोषाला वरच्या कडेतून पुढे शिंगासारखा तुकडा येतो. काहींत बाजूला खिडक्या असतात. प्रोसिम्युलियमचा कोष बेढब, धाग्यांचा गुंता असावा तसा. कोष दगडावरून खरवडून काढला की शिंग मोडतं, म्हणून शक्यतो पान किंवा काडीसकट उचला.

अळीत काय पाहायचं?

अळी पाण्यातल्या दगडाला किंवा पानाला शेपटीकडच्या आकड्यांनी चिकटून असते आणि डोक्यावरचे दोन पंखे उघडून वाहत्या पाण्यातलं अन्न गाळते. डोक्याच्या वरच्या ढालीवर ठिपके असतात: काहींत फिक्यावर गडद, काहींत गडदावर फिके. पण ठिपके वयाप्रमाणे आणि नुकत्या टाकलेल्या कातीप्रमाणे बदलतात, त्यामुळे ती दुय्यम खूण समजा.

जास्त भरवशाचं म्हणजे डोकं उलटं करून खालची फट. ती टोकदार कमानीसारखी आहे, गोल आहे की चौकोनी, आणि पुढच्या दातेरी पट्टीपर्यंत किती जाते. त्या पट्टीवरच्या दातांची उंची, शृंगिकेची लांबी, गुदकल्ले साधे आहेत की फांद्यांचे, उदराच्या शेवटाला पोटाकडे दोन उंचवटे आहेत का, हे पुढचं. शरीरावर खवल्यांसारखे केस असतील तर लगेच लक्ष द्या: सिम्युलियम डॅम्नोसमच्या समूहातल्या अळ्यांच्या पाठीवर उंचवटे आणि खवले असतात. जिम्नोपैस आणि ट्विनिया या प्रजातींना तर डोक्यावरचे पंखेच नसतात.

पंख्यांचे दांडे मोजून जात ठरवू नका. पाण्यात अन्न कमी असलं की त्याच जातीच्या अळीचे पंखे मोठे वाढतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. एकूण आकारही तसाच: थंड पाण्यातल्या माश्या मोठ्या होतात. म्हणून मापांऐवजी प्रमाणं वापरायची.

माझ्याकडे फक्त अळ्या आहेत, प्यूपा एकही नाही. काही मार्ग?

आहे, आणि माझ्या मते हा सगळ्या विषयातला सर्वांत उपयोगी डाव. शेवटच्या टप्प्यातल्या अळीच्या वक्षाच्या दोन्ही बाजूंना काळा डाग दिसतो. तो डाग म्हणजे गुंडाळून ठेवलेला भावी कल्ला. डाग पांढुरका असेल तर अळी कोवळी आहे, काळा असेल तर तयार.

अळी ग्लिसरीनच्या थेंबात कुशीवर ठेवा. अगदी बारीक सुईनं डागाच्या कडेनं त्वचा फाडा आणि वळकटी हळूच बाहेर काढा. ओल्या दोरीची गुंडाळी सोडवावी तसं एकेक वेटोळं उलगडत जातं. ओढलं तर तुटतं. पाच-दहा मिनिटांत तंतू पसरतात आणि आकडाच काय, फूट कुठे आहे तेही दिसतं. एकाच अळीत डोक्याची फट आणि प्यूपाचा कल्ला दोन्ही मिळाले, म्हणजे दोन अवस्थांची गाठ बसली.

सगळ्या खुणा एका जातीकडे, एक खूण दुसरीकडे. कुणाचं ऐकायचं?

आधी नमुना आजारी नाही ना ते बघा. मर्मिथिड सूत्रकृमी पोटात असलेल्या अळीत कल्ल्याचा डाग नीट वाढतच नाही, आणि अशा अळीतून माशी झालीच तर तिच्यात नर-मादीच्या खुणांची भेसळ होऊ शकते. पोटात वेटोळं किंवा पांढरे गोळे दिसले तर तो नमुना बाजूला.

मग किल्ली तपासा. किल्ली ज्या प्रदेशासाठी बनवली त्या प्रदेशापुरतीच खरी. दुसऱ्या खंडाची किल्ली वापरली तरी ती कुठलं तरी नाव देतेच, "माहीत नाही" असं कधी म्हणत नाही. शेवटी जननेंद्रियं आणि कल्ला यांना रंग, आकार, मापं यांच्यावर ठेवा.

खुणा पूर्ण जुळूनही जाती वेगळ्या असू शकतात का?

हो. सिम्युलियम डॅम्नोसम हे नाव थिओबाल्डनं १९०३ मध्ये दिलं आणि कित्येक वर्षं ती एकच जात समजली जात होती. १९७५ मध्ये वाजिमे आणि डनबर यांनी अळ्यांच्या रेशीमग्रंथींतल्या महागुणसूत्रांवरचे पट्टे वाचून पश्चिम आफ्रिकेतच आठ जाती वेगळ्या केल्या. आज तो मोठा समूह मानला जातो. काळ्या माश्यांत बहुधा गुणसूत्रांच्या तीनच जोड्या असतात. त्यांच्यावरचे पट्टे कुठे उलटे बसले आहेत यावरून भावंडं सुटतात. ही वाट टोरांटोच्या क्लाउस रॉथफेल्स यांनी १९५० च्या दशकात रुळवली.

या समूहाच्या माद्यांत शरीरावरून मिळणारी मदत थोडी आहे: पंखाच्या मुळाशी असलेल्या केसांच्या झुबक्याचा रंग, नवव्या उदरखंडावरच्या केसांचा रंग, शृंगिकेची लांबी आणि वक्षाशी तिचं प्रमाण. सॅव्हानातल्या, म्हणजे गवताळ प्रदेशातल्या, डॅम्नोसम आणि सिर्बानम यांचा झुबका फिका, जंगलातल्या याहेन्सेचा गडद. पण डॅम्नोसम आणि सिर्बानम या दोघींच्या माद्या एकमेकींपासून डोळ्यांनी वेगळ्या करणं जवळजवळ अशक्य. असं कोणी छातीठोकपणे केलं तर मी गुणसूत्रांचा फोटो मागतो.

एवढी कातडी सोलून उपयोग काय? माशी ती माशी.

नदीअंधत्व पसरवणारा ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस हा सूत्रकृमी याच माश्या वाहून नेतात, पण सगळ्या सारख्याच नाहीत. पश्चिम आफ्रिकेत १९७४ ते २००२ या काळात नद्यांत अळीनाशक टाकून माशी हटवण्याचा मोठा कार्यक्रम चालला. फवारणी झालेल्या नदीवर पुन्हा माश्या दिसल्या की त्या इथेच वाढल्या की वाऱ्यानं शेकडो किलोमीटरवरून आलेल्या सॅव्हानाच्या माश्या आहेत, हे ओळखल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नसे. १९८० च्या सुमारास टेमेफॉस या अळीनाशकाला दाद न देणाऱ्या माश्या सापडल्या त्या जंगलातल्या सूब्रेन्से-सँक्टिपॉली गटातल्या. तिथे औषध बदलावं लागलं. मग गुरांचा त्रास वेगळाच: डॅन्यूब नदीकाठच्या कोलुम्बाशेन्से माशीनं १९२३ मध्ये हजारो जनावरं मारली.

डीएनए तपासला की झालं ना?

पुष्कळदा होतं. ६५८ अक्षरांचा सीओआय बारकोड (सीओआय या जनुकाचा ओळखीसाठी वाचलेला तुकडा) बऱ्याच जाती नीट वेगळ्या करतो आणि अळी, प्यूपा, माशी एकाच जातीच्या आहेत का हे जुळवायला तर उत्तम. पण नुकत्याच वेगळ्या झालेल्या भावंडांचा बारकोड एकच निघतो. डॅम्नोसम समूहात हाच त्रास आहे. शिवाय बारकोड ज्या नमुन्याशी जुळतो, त्याचं नाव कोणीतरी शरीर बघूनच दिलेलं असतं. ते चुकलं असेल तर यंत्र तीच चूक तुम्हाला परत देतं.

नमुने कसे ठेवायचे?

शरीराच्या खुणांसाठी ८० टक्के इथेनॉल, डीएनएसाठी ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र. गुणसूत्रांसाठी जिवंत अळ्या थेट कार्नॉयच्या द्रावात, म्हणजे तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल. पहिल्या काही तासांत द्राव बदला, नाहीतर अळ्यांच्या पाण्यानं तो पातळ होतो.

आणि प्यूपा जिवंत पाळा. गडद झालेला, डोळे दिसू लागलेला प्यूपा कोषासकट ओल्या टिपकागदावर, कापसाचा बोळा लावलेल्या नळीत ठेवा. प्रत्येक नळीत एकच. थंड, सावलीची जागा. पाण्याखाली माशी हवेच्या बुडबुड्यात बसून वर येते. नळीत ती सरळ टरफलातून निघून भिंतीवर चढते. लगेच मारू नका, दिवसभर राहू द्या, म्हणजे रंग पक्का होईल. मग माशी आणि तिचं टरफल एकाच कुपीत. ही एक जोडी दहा सुट्या माश्यांपेक्षा जास्त सांगते.

मोबाईलवरचा फोटो पाठवला तर जात सांगाल का?

कुल सांगेन, कदाचित प्रजातीही. जात नाही. फोटोत नख, जननेंद्रियं आणि शिरेवरचे केस दिसत नाहीत. प्यूपाचा बाजूनं काढलेला, तंतू मोकळे झालेला फोटो असेल तर गटापर्यंत जाता येतं.

कुपीतल्या चिठ्ठीवर काय लिहायचं?

पेन्सिलनं किंवा न विरघळणाऱ्या शाईनं: ठिकाण, तारीख, पाण्याचं तापमान, ओढ्याची रुंदी आणि वेग, कशावर चिकटलेले होते (दगड, पान, दुसरा प्राणी), आणि माशी व टरफल एकाच प्यूपाचे आहेत का. काही जातींच्या अळ्या खेकड्यांवर किंवा मेफ्लाय या कीटकाच्या पाण्यातल्या पिल्लांवरच वाढतात, त्यामुळे "कशावर" हा रकाना रिकामा ठेवू नका. चिठ्ठी कुपीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली अल्कोहोल सांडलं की धुऊन जाते. माझ्याकडे अशा सतरा कोऱ्या कुप्या अजून कपाटात आहेत.